डिश ते टीव्ही, मधली मी

मित्रांनो, तुम्ही टीव्ही बघता तेव्हा माझ्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. मी त्याची केबल. करंगळीएवढी जाड, काळी, उन्हाने रापलेली. ॲरिझोनाच्या वाळवंटात दर हिवाळ्यात घरगाड्यांचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, तळ पडतो. तिथे व्हर्लिन आणि नॅडीन या म्हाताऱ्या जोडप्याच्या गाडीबाहेर मी पसरलेली असते. माझं एक टोक तिवईवरच्या डिशला, तर दुसरं गाडीच्या बाजूला, एका छोट्या झाकणाखाली बसवलेलं.

मी कारखान्यात जन्मले. पोटात तांब्याची तार, तिच्यावर पांढरं वेष्टण, मग जाळी आणि वर हे काळं कातडं. दुकानात व्हर्लिनने मला हातात घेऊन वाकवून पाहिलं आणि तो तळावरच्या आपल्या शेजाऱ्याला, हॉलिसला, म्हणाला, "ही टिकेल." एवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

व्हर्लिन नोकरीत टेलिफोनच्या तारा ओढायचा. त्यामुळे तळावर कुणाचं चित्र गेलं की त्यालाच हाक. हॉलिस अवजारांची पेटी धरून मागे चालायचा आणि काडीचीही मदत न करता सल्ले द्यायचा. संध्याकाळी टीव्ही बाहेर गाडीच्या कापडी छपराखाली यायचा आणि आसपासच्या गाड्यांमधली सगळी मंडळी खुर्च्या घेऊन जमायची. मला तेव्हा माझ्या कामाचा फार अभिमान वाटे.

यंदा हॉलिस आला नाही. तो उन्हाळ्यातच वारला. शेजारची त्याची जागा रिकामी राहिली आणि व्हर्लिनने पडदे ओढून घेतले. सकाळपासून टीव्ही लावायचा आणि समोर बसून राहायचं.

"ये ना बाहेर, सगळे शेकोटीपाशी बसलेत," नॅडीन म्हणायची.

"मॅच चालू आहे."

"कालची आहे ती, व्हर्लिन!"

"मग? आजही तेच जिंकणार."

नॅडीन हसायची, पण गाडीमागे जाऊन डोळे पुसायची. हा माणूस असाच आत बसून विझून जाईल, याची तिला धास्ती होती. मित्रांनो, मलाही वाईट वाटायचं. मी माझं काम चोख करत होते, आणि त्याच कामापायी एक माणूस आत कोंडला जात होता.

एके सकाळी व्हर्लिन अंघोळीला गेला असताना नॅडीनने ते झाकण उघडलं. माझी पिन उलटी फिरवून आट्यांवरून सैल केली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "माफ कर गं बाई." तिला वाटलं, आता तो अवजारं घेऊन बाहेर येईल.

व्हर्लिनने रिमोटची बटणं दाबून पाहिली. मग म्हणाला, "गेलं तर गेलं." आणि तो काळ्या पडद्यासमोर तसाच बसून राहिला. नॅडीनचा चेहराच पडला.

पण तीही चिवट बाई. कॉफीचा कप घेऊन ती डिशपाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत उभी राहिली. आमच्या तळावर एवढं पुरतं. कुणी डिशपाशी असं उभं राहिलं, की बोलवावं लागत नाही.

आधी पलीकडच्या गाडीतली ट्रूडी आली. "झाड आड येतंय," ती म्हणाली.

मागून लॉइड आला. तो बस चालवून निवृत्त झालेला. "झाड? अगं, ते माझ्या कमरेला लागतंय! वायर मेलीय ही. कापा आणि नवी टाका." त्याने खिशातून पक्कड काढली.

"थांब ना जरा, लॉइड," नॅडीन चाचरली. खरं सांगायची सोय नव्हती. पक्कड माझ्या अंगाला टेकली आणि मी मनातून हादरले.

तोच दार धाडकन उघडलं. पायात सपाता, दाढी वाढलेली, असा व्हर्लिन पायरीवर उभा.

"हात लावशील तर बघ! हॉलिसने नि मी टाकलीय ती!"

लॉइडने पक्कड खिशात घातली. मग लॉइड हळूच म्हणाला, "मग आत काय अंडी उबवतोयस? ये, तूच बघ."

व्हर्लिन खाली आला. डिशपासून माझ्या अंगावरून हात फिरवत निघाला. सगळे मागोमाग.

"इथे हॉलिस अडखळला होता," तो मध्येच थांबून म्हणाला. "डिश पाडली गाढवाने. वर मलाच म्हणतो, वायर वाटेत का टाकलीस?"

ट्रूडी खळखळून हसली. व्हर्लिनही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ते त्याने लपवले नाहीत.

मग त्याने झाकण उघडलं. माझी सैल पिन त्याच्या बोटांना लागली. वाऱ्याने आटे उलटे फिरत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने नॅडीनकडे पाहिलं. नॅडीन कपात बघत होती.

त्याने पिन तशीच ठेवून झाकण लावलं.

"अवघड काम आहे," तो खुर्ची ओढत म्हणाला. "लॉइड, जेवण इथेच आण. नॅडीन, कॉफी उरलीय का?"

मित्रांनो, आम्हा वायरींना पायदळी तुडवू नका, नीट तपासल्याशिवाय कापू नका. आणि तुमच्या ओळखीचं कुणी दार लावून बसलं असेल, तर त्याच्या दारात जाऊन उभे राहा. काही सुचलं नाही तर एखादा बिघाड घेऊन जा.

उन्हं कलली तरी मंडळी उठली नव्हती. नॅडीन गुपचूप माझ्यापाशी आली आणि तिने झाकणाला हात घातला. मागून व्हर्लिनचा आवाज आला.

"राहू दे गं. उद्याही येतील ते."