गोधडीतला दाणा

आमच्या पुढच्या खोलीच्या छताला चार लोखंडी कड्या होत्या. त्या कड्यांवरून माझ्या आईबाबांचं जितकं भांडण झालं, तितकं नातेवाइकांवरून किंवा माझ्या अभ्यासावरूनही कधी झालं नाही.

त्या कोणी ठोकल्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा म्हणायचे, बियाण्याच्या मक्यासाठी. सालं मागे ओढून कणसांच्या वेण्या घालायच्या आणि लगतच्या स्वयंपाकघरातल्या चुलीच्या उबेला वर टांगायच्या. आई म्हणायची, छे, त्या तिच्या चौकटीसाठीच आहेत. चौकट म्हणजे चार लांब दांड्या. त्यांवर गोधडी ताणून बांधायची आणि दोरांनी कड्यांना अडकवायची. शिवायला बसलं की खाली घ्यायची, जेवायच्या वेळी वर ओढायची. आम्ही तिच्याखालीच जेवायला बसायचो. ताटात एखादा धागा पडला की बाबा तो दोन बोटांत धरून म्हणायचे, ‘‘आज मीठ कमी आहे, पण दोरा भरपूर पडलाय.’’

आणखी चार कड्या ठोकून हा प्रश्न मिटवावा, असं कोणाला सुचलं नाही असं नाही. पण सुतारकाकांनी हातोडीने बाकीच्या तुळया ठोकून पाहिल्या आणि मान हलवली. ‘‘वाळवीने आतून खाल्ल्यात. छत्रीसुद्धा टांगू नका.’’ मग दरवर्षीची रीत ठरून गेली. मका वाळेपर्यंत कड्या बाबांच्या, नंतर आईच्या. म्हणजे थंडी सरत आली की आईची गोधडी तयार व्हायची. आमच्या घरात नवी गोधडी नेहमी उन्हाळ्याच्या तोंडावर मिळायची आणि आम्ही ती कौतुकाने पांघरून घामाघूम व्हायचो.

आईचं सगळं हातकाम असं शेतीच्या फटीफटीत चालायचं. गाई चरत असताना ती मोजे विणायची. गिरणीच्या रांगेत बाहीला टीप घालायची. दूध तापेपर्यंत चार ठिगळं कापून ठेवायची, आणि दूध उतू गेलं की ठिगळांना शिव्या द्यायची. खुरपणीच्या दिवसांत बोटांना इतक्या भेगा पडायच्या की धागा त्यांत अडकायचा. मग शिवायला बसण्याआधी ती हातांना लोणी चोळायची आणि जुन्या फडक्याने खसाखसा पुसायची. अजूनही मला नव्या कापडाचा वास आला की सोबत लोण्याचा वास कसा नाही, असं वाटतं. दुकानातलं कापड त्यामुळे मला कायम थोडं परकंच वाटत आलंय.

एवढं करून तिने स्वतःसाठी काहीच शिवलं नव्हतं. माझी गोधडी होती, आत्याची होती, सुतारकाकांच्या नातवाचीही होती. आईबाबांच्या खाटेवर मात्र उरल्यासुरल्या चिंध्यांचं एक जुनाट प्रकरण होतं. त्याला गोधडी म्हणायला आईलाच लाज वाटायची. मी शाळेत असताना एका वर्षी तिने ठरवलं की आता आपली करायची. कोरं निळं कापड आणलं, डोक्याकडच्या बाजूला पिवळा पट्टा, आत जुन्या कपड्यांच्या थरांऐवजी पिंजलेला पांढराशुभ्र कापूस. आणि शहाणपणा असा केला की मका काढणीला येण्याआधीच चौकट कड्यांना चढवली.

‘‘थंडीच्या आत संपवते की नाही बघा,’’ ती म्हणाली.

‘‘बघतो की,’’ बाबा म्हणाले आणि गालात हसले.

पण ऐन काढणीत आभाळ बसलं ते उठेचना. ऊन नाही, वारा नाही, नुसती भुरभुर. कणसं ओली घरात आली. खाण्याचा मका एक वेळ जाईल तर जाईल, पण बियाण्याचा बुरसला तर पुढच्या वर्षी पेरायचं काय? बाबा कणसांची पाटी दारात घेऊन उभे राहिले आणि वर बघितलं. वर आईची निळी गोधडी, अर्धी शिवलेली.

‘‘उतरव ती,’’ बाबा म्हणाले.

‘‘अहो, आता उतरवली तर कापूस सरकेल. गोळे होतील. मग ती कधीच सारखी बसायची नाही.’’

‘‘आणि मका गेला तर पुढच्या वर्षी गोधडी पेरू का रानात?’’

‘‘इतक्या वर्षांत एकदा, एकदाच काहीतरी माझ्यासाठी करतेय!’’

आईचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. बाबांनी पाटी तिथेच ठेवली आणि ते गोठ्यात निघून गेले. रात्री जेवताना दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली. मला वाढायची वेळ आली की दोघंही एकदमच वाढायची, त्यामुळे त्या दिवशी माझं पोट मात्र तट्ट भरलं.

सकाळी आई दूध काढून आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. मी तिच्या मागे होते. गोधडी कड्यांनाच होती, शिवायच्या उंचीला खाली घेतलेली, पण चौकटीच्या चारही दांड्यांना आणि वरच्या दोरांना बाबांनी कणसांच्या वेण्या बांधल्या होत्या, अगदी ओळीने. लग्नाच्या मांडवाला झालर असते तशी सगळीकडून झालर. स्वतः बाबा आतल्या दारातून दिसणाऱ्या चुलीजवळ बसून, आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने विस्तव फुंकत होते.

‘‘तुझी गोधडी उतरली नाही,’’ ते म्हणाले. ‘‘माझा मकाही चढला.’’

मला तर हे फारच हुशारीचं वाटलं. आईला वाटलं नाही. कणसं बाजूला सारत ती आत शिरली आणि शिवायला बसली. तेव्हापासून चौकट खालीच राहिली, वर ओढायची सोयच उरली नाही. आम्ही स्वयंपाकघरात, चुलीला पाठ लावून जेवायचो. आई टाका घालायची, कणीस कपाळावर आपटायचं. कणसांचे केस निळ्या कापडावर पडायचे, सुटलेले दाणे टपटपायचे. ते झटकता झटकता ती पुटपुटायची, ‘‘गोधडी शिवतेय की खळं राखतेय, देवच जाणे.’’

पण दोन्ही गोष्टी पार पडल्या. बी खणखणीत वाळलं आणि गोधडी खरंच थंडीच्या आत पुरी झाली. दांड्यांवर एवढं वजन पडल्यामुळे कापड असं ताणलं गेलं होतं की तितकी सपाट, नेटकी गोधडी आईच्या हातून पुन्हा झाली नाही. हे श्रेय बाबा उघडपणे घ्यायचे.

फक्त एक खोट राहिली. गोधडी खाटेवर अंथरली आणि पहिल्याच रात्रीनंतर सकाळी बाबा कंबर चोळत उठले. ‘‘काहीतरी टोचतंय गं.’’ आईने चाचपून पाहिलं. कापडाच्या लगेच खाली मक्याचा एक दाणा, नेमका बाबांच्या कुशीच्या जागी.

‘‘कणसं कोणी टांगली होती?’’ आई म्हणाली. ‘‘भोगा आता.’’

पुढे ते कायमचंच झालं. बाबा पहाटे गोठ्यात जायचे, म्हणून बाहेरच्या बाजूला झोपायचे. गोधडीचा पिवळा पट्टा उशाकडे, त्यामुळे दाणा न चुकता त्यांच्याच बाजूला. रोज सकाळी बाबांची तक्रार आणि आईचं ‘‘भोगा’’. कापूस असल्यामुळे ती गोधडी कधी धुतली नाही, वरचेवर उन्हात मात्र घालायचो. तेव्हा बाबा लांबून ओरडायचे, ‘‘पाणी लागू देऊ नका रे, कोंब फुटेल!’’ मी लग्न होऊन गेले, माहेरी येत राहिले, आणि येईन तेव्हा सकाळी त्यांचं ते भांडण ऐकलं की घरी आल्यासारखं वाटायचं. त्या आवाजात लागायची तितकी गाढ झोप मला पुन्हा कुठे लागली नाही.

बाबा गेले त्या वर्षी मी आईजवळ राहायला गेले. रान वाट्याने दिलं होतं, गाई विकल्या होत्या. चारही कड्या रिकाम्या होत्या. आता वर्षभर सगळ्या तिच्याच, पण तिने चौकट माळ्यावरून काढलीच नाही.

आई खाटेवर भिंतीच्या बाजूला झोपायची, बाहेरची बाजू मोकळी. मी रोज अंथरूण घालताना पिवळा पट्टा उशाकडे घ्यायची, म्हणजे दाणा मोकळ्या बाजूला जाईल, आईला टोचणार नाही. सकाळी बघावं तर पट्टा पायाकडे. गोधडी उलटी फिरवलेली, दाणा आईच्या कमरेखाली. वयाने लक्षात राहत नसेल, असं मी मनाशी म्हटलं आणि पुन्हा सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय रोज सकाळी आतून तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. माणूस एकटं पडलं की असंच होतं, असं वाटून मला भरून यायचं.

शेवटी एका दुपारी गोधडी अंगणात उन्हात घातली आणि कात्री घेतली. दाणाच काढून टाकला की कशीही फिरवली तरी बिचारी सुखाने झोपेल. चाचपून जागा शोधली, वाकून पाहिलं आणि हात थांबला. दाण्याभोवती टाक्यांचं गोल कडं होतं. बारीक, घट्ट, एकाला एक लागून. बाकीची सगळी गोधडी सरळ धावदोऱ्याची. चुकून अडकलेल्या दाण्याला असं कोणी बंदिस्त करत नाही.

‘‘आई,’’ मी म्हटलं, ‘‘हा दाणा तू शिवलायस?’’

आई पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. ‘‘मग काय आपोआप शिवला गेला?’’

‘‘आणि इतकी वर्षं बाबांना बोल लावत होतीस?’’

‘‘राग आला होता मला. कापडाच्या उघड्या बाजूने आत गेला होता, बोटाला लागला. काढणार होते. मग मनात आलं, नाही काढत. ढकलत ढकलत बरोबर त्यांच्या बाजूला नेला आणि शिवून टाकला. म्हटलं, टोचू दे रोज.’’

मला हसू आवरेना. ‘‘बाबांना कळलं नाही कधी?’’

‘‘कळलं नाही कसं? बियाण्याचा माणूस तो. पहिल्याच सकाळी बोट फिरवलं आणि म्हणाले, टाके सुरेख घेतलेस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आणा, आत्ता उसवते. तर म्हणाले, राहू दे. तुझं एक ऐकायचं राहिलं होतं, तेवढं ध्यानात राहील.’’ तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. ‘‘आणि मग रोज तक्रार करायचे. मुद्दाम. मी रोज भोगा म्हणायचं, ते हसायचे.’’

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. कात्री हातात तशीच होती. आई उठून आली, तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पदराखाली धरली.

‘‘संध्याकाळी पट्टा पायाकडे घाल. रोज उठून फिरवायला आता कंबर चालत नाही माझी.’’

‘‘पण टोचतो ना तुला, आई?’’

‘‘टोचतो तर,’’ ती म्हणाली. ‘‘टोचला की सकाळी दोन शब्द सुनावता येतात त्यांना.’’

संध्याकाळी मी पट्टा पायाकडे घेऊन अंथरूण घातलं.