तुरीचा पाचवा दाणा

रंभीला दात येत होते आणि खाली घरात नुसती भट्टी. म्हणून त्या वैशाखात जेवणं उरकली की गोजाबाई लेकीला घेऊन वर मातीच्या धाब्यावर येई. तिथं नवरा, सिद्धप्पा, आधीच दुर्बीण लावून बसलेला असे. तो सोलापुरातल्या एका शाळेत मास्तर. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घराण्यातला पहिलाच शिकलेला. मंगळ आणि गुरू यांच्या मधे फिरणाऱ्या असंख्य धोंड्यांतला सर्वांत उजळ, वेस्टा, सध्या विंचवाच्या, म्हणजे वृश्चिक राशीच्या, अंगाला दिसत होता. सलग पाच रात्रींचे त्याचे नकाशे पुण्याच्या एका मंडळाला धाडले, की सिद्धप्पा सभासद होणार होता. हुकलं, तर पुढचा योग दीड वर्षानं.

चौथ्या रात्री त्यानं चारही कागद एकावर एक धरून कंदिलापुढं केले. वेस्टा म्हणून काढलेला ठिपका चारी कागदांवर एकाच जागी होता. साधा तारा. वेस्टा असता तर सरकला असता.

"चार रात्री मातीत," तो म्हणाला. "आणि परवा धाडायची मुदत संपते."

"मेंढरं राखली असतीस, तर चार कोकरं तरी हाती लागली असती, मास्तर," त्याची आई केराबाई पलीकडच्या अंथरुणावरून म्हणाली.

गोजाबाई रंभीला थोपटत होती. "अवं, तुमी धरलाय त्यो एका जागी बसणारा हाय. चालणारा त्येच्या खाली, मिणमिणता. रोज जरा मावळतीकडं सरकतोय."

"दुर्बिणीतून मला गावंना, आणि तुला नुसत्या डोळ्यानं?"

"दिसतोय की."

वळसंगच्या माळावर तिचा बाप तिन्हीसांजेला तिला वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळ्याच्या, तोंडाशी बसवायचा. तिला विसाच्या पुढं मोजता येत नसे. बाप म्हणायचा, मोजू नको, कोण कुणापाशी बसलंय त्ये बघ. एक मेंढी जागची हलली तरी गोजाच्या डोळ्याला टोचायचं. लेकीला निजवताना तिनं आभाळाचंही तेच केलं होतं. ध्यानात राहावं म्हणून कठड्याशेजारच्या पांढऱ्या मातीत तिनं ताऱ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे रोवले होते, आणि त्या चालणाऱ्यासाठी दर रात्री तुरीचा एक.

सिद्धप्पानं कंदील खाली धरला. ज्वारी त्याच्या नकाशातल्या ताऱ्यांशी जुळत होती. तुरीचे चार दाणे ओळीनं मावळतीकडं निघाले होते.

"हे तू मनानं लावलं नसशील कशावरून?"

ते तिला लागलं. तिनं ओटीतून एक दाणा काढला, ओळीच्या पुढं रोवला. "उद्या हितं असंल. न्हाय गावला तर ह्ये दाणे उपटून फेका, माझं काय बी म्हणणं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिचं भाकरीत लक्ष नव्हतं; दोन करपल्या. दुपारून वावटळ उठली, आभाळ काळवंडलं, आणि ती सारखी दारात येऊन वर बघू लागली. चार थेंब पडून दिवेलागणीला सगळं निवळलं. धुळीविना आभाळ कसं धुतल्यासारखं दिसत होतं.

सिद्धप्पानं दाण्यांकडं बघितलं, दुर्बीण वळवली आणि डोळा लावला. रंभी गोजाबाईची बोटं चावत होती.

"गोजा, दोन बारीक ताऱ्यांच्या मधे?"

"व्हय. दोघांतल्या बारक्याला चिकटून."

"आहे," तो म्हणाला. "तू म्हणालीस तिथंच आहे. रंभीला इकडं दे. तू बघ."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्या दुर्बिणीला तिनं फडक्यानं पुसण्यापलीकडं हात लावला नव्हता. तिनं डोळा टेकवला. तिची चुकार मेंढी, तो चालणारा ठिपका, अंधारात बोट लावावं इतकी जवळ आली होती.

सिद्धप्पा एका हातानं लेक सांभाळत, दुसऱ्या हातानं दाणे कागदावर उतरवत होता. कागदाच्या माथ्यावर त्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण, सौ. गोजाबाई. सभासद करायचं तर हिला करावं."

"मंग आता हिला बी मास्तरीण म्हणायचं व्हय?" केराबाईनं विचारलं.

"म्हणा की, आत्याबाई," गोजाबाई दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाली. "पर जरा दमानं. मी बघतीया."