घासलेली राणी

"मामाजी, पाहा बरं, कशी चमकून राह्यली!"

प्रतीक्षाने ओल्या हातानेच ताट पुढे केले. लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. चांदीचा करंडा, निरांजन आणि त्यांच्या मधोमध व्हिक्टोरिया राणीचे मोठे नाणे. चिंच आणि राखेने घासून लख्ख केलेले.

मोतीराम झेंडूची फुले घेऊन दारात उभा होता. त्याने ताटाकडे पाहिले, मग सुनेच्या चेहऱ्याकडे. लग्नानंतरची तिची ही पहिलीच दिवाळी.

"टेबलावर कापसात ठेवलेलं होतं. काळं पडलं होतं थोडं," ती म्हणाली.

"हाव. मस्त झालं," मोतीराम म्हणाला आणि फुले ठेवून मागच्या अंगणात गेला.

चिखलीच्या धान्य बाजारात त्याने मापाडी म्हणून जन्म काढला होता. तरुणपणी खामगावच्या एका सराफाकडे त्याने पहिल्यांदा प्रूफ नाणे पाहिले. असे नाणे बाजारात चालवायला पाडत नाहीत. टांकसाळीत साचा आरशासारखा चकचकीत करतात आणि जपून ठेवण्यासाठी मोजकीच नाणी काढतात. त्या नाण्याची जमीन, म्हणजे चित्रामागचा सपाट भाग, आरशासारखी आणि वरचे चित्र सायीसारखे पांढुरके होते. धुळीत, भुशात दिवस काढणाऱ्या मोतीरामला वाटले, माणसाच्या हातून इतके स्वच्छ काही होऊ शकते! तेव्हापासून तो विलायती प्रूफ नाण्यांच्या मागे लागला. पुण्या-मुंबईच्या संग्राहकांशी ओळखी केल्या, इंग्रजी अक्षरे लावून वाचायला शिकला. बरोबरीचे लोक मोटारसायकली घेत होते, तेव्हा त्याने १८८७ सालचे हे क्राऊन, म्हणजे चांदीचे मोठे विलायती नाणे, घेतले आणि सायकल चालवत राहिला.

येत्या रविवारी खामगावच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा लोकांसमोर मांडले जाणार होते.

संध्याकाळी मुलगा गोकुळ घरी आला. ताट पाहून तो ओरडलाच.

"हे घासलं? अवं, फडकंही लावत नाहीत याले, सगळी किंमत जाते! बाबाचं सगळं आयुष्य हाये ते!"

प्रतीक्षा भिंतीला टेकून खाली बसली.

"गोकुळ, आवाज खाली कर," मोतीराम म्हणाला. "तिनं लक्ष्मीसाठी घासलं. पूजा होऊ दे."

पूजा झाली. पण त्यानंतर प्रतीक्षा नीट जेवेना, सासऱ्यासमोर येईना. शनिवारी मोतीरामने तिला हाक मारली.

"उद्या माह्यासंगं खामगावले चाल."

"मी? मी काऊन, मामाजी? अन् आता काय दाखवसान तिथं?"

"नाणं दाखवतो म्हणून कबूल केलं हाये. जसं हाये तसं दाखवू."

प्रदर्शनाच्या सभागृहात गर्दी होती. मोतीरामचे क्राऊन येणार म्हणून अकोल्याचे जाणकार संग्राहक प्रसेनजित मुद्दाम आले होते. त्यांनी भिंग लावले आणि बराच वेळ ते नाण्यावरच धरून ठेवले. राणीच्या गालावर, मागच्या बाजूवरच्या घोडेस्वारावर, सगळीकडे बारीक ओरखडे होते. आरसा कुठेच उरला नव्हता.

"मोतीरामजी," ते हळूच म्हणाले, "हे कुणी घासलं?"

आजूबाजूच्या लोकांनी माना वळवल्या.

"म्याच," मोतीराम म्हणाला. "डाग दिसला, राहवलं नाही."

कोणीतरी मागे हसले. "एवढी वर्षं नाणी जमवून हे समजत नाही?" असेही एकजण बोलला. मोतीरामने मान खाली घातली नाही. हात पाठीशी बांधून तो शांत उभा राहिला.

"नाही जी." प्रतीक्षा पुढे येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली. "मामाजी खोटं बोलून राह्यले. म्या घासलं. मले माहीत नव्हतं."

प्रसेनजितांनी भिंग मिटले. आधी तिच्याकडे आणि मग मोतीरामकडे पाहिले. त्यांनी मोतीरामला वाकून नमस्कार केला. हसणारा माणूस मागच्या मागे सरकला.

मोतीरामने पिशवीतून दुसरी डबी काढली. आत पंचम जॉर्जचे 'अर्धे क्राऊन' हे लहान प्रूफ नाणे होते, अगदी निर्मळ. त्याने ते कापसासकट प्रतीक्षापुढे धरले.

"तू दाखव या लोकायले."

"मी? नाही, मामाजी. माह्या हातानं पुन्हा..."

"हात कोरडे कर. काठानं धर. बास, एवढंच असते."

तिने आपली लाल पर्स मोतीरामकडे दिली, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत नाणे काठाने उचलून उजेडाकडे वळवले. लोक पुढे झुकले. ती एकेकाला दाखवू लागली, हळूहळू, श्वास रोखून.

तिची लाल पर्स काखेत धरून मोतीराम मागे उभा राहिला.