शेवटच्या ओळीचा हुकूम

जावयाचा संदेश रोज सकाळी अकराच्या गठ्ठ्यात येई आणि फाटकवाले तो रोज केराच्या टोपलीत घालत. आजवर असे त्र्याहत्तर झाले होते. मोजदाद त्यांनी मुद्दाम ठेवली होती. वैर धरायचं तर ते व्यवस्थित धरावं, या मताचे गृहस्थ!

फाटकवाले हे नाव कॉलेजातल्या पोरांनी ठेवलेलं. कॉलेजचा न्यूज सर्व्हर ते सांभाळत. त्यावर विषयवार चर्चागट होते. ठिकठिकाणचे लोक त्यांत लिहीत आणि प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळी गठ्ठ्याने येणाऱ्या त्या लिखाणाची आपापली प्रत ठेवी. काही संदेश मात्र माणसांनी वाचायचे नसत. ते थेट सर्व्हरलाच हुकूम सोडत, की अमका गट उघड, तमका काढून टाक. असा हुकूम कुणीही उपटसुंभ सोडू शके. म्हणून कुणाचा पाळायचा आणि कुणाचा फेकायचा, हे एका फाइलीत ओळीओळीने लिहून ठेवलेलं असे. त्यात एक मेख होती. एकाच संदेशाला दोन ओळी लागू पडल्या, तर चालायची ती खालची. "वरची ओळ कितीही तोऱ्यात असू दे, हुकूम शेवटच्या ओळीचा," हे फाटकवाले प्रत्येक नव्या माणसाला दरडावून सांगत.

जावयाला जो गट काढून हवा होता तो शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचा. नवराबायकोने मिळून सुरू केलेला. फाटकवाल्यांच्या मुलीने त्यात सहा वर्षं लोकांना उत्तरं दिली होती. ‘दादा, आधी यंत्राला तेल घाला, मग मला शिव्या घाला,’ असं लिहिणारी पोर. तीन वर्षांपूर्वी ती आजारपणात गेली. गेली दुपारी, आणि जावयाचा फोन आला संध्याकाळी. बापाची शेवटची भेट हुकली. "तुम्ही तिला नीट सांभाळलं नाहीत," एवढं एकच वाक्य ते तेव्हा जावयाला बोलले आणि त्यानंतर त्याचं तोंड पाहिलं नाही. रोज चहाच्या आधी ते तिचं एक उत्तर वाचत आणि मग दिवसभर जगावर खेकसायला मोकळे होत.

जावयाचा स्वतःचा सर्व्हर होता आणि गट त्याच्या नावावर होता, त्यामुळे नियमाने त्याचा हुकूम पाळणं भाग होतं. बाकीच्या सर्व्हरांनी तो मुकाट्याने पाळला. फाटकवाल्यांनी मात्र फाइलीच्या तळाशी एक ओळ घातली, की या माणसाचा कुठलाही हुकूम आला तर फेकून द्या. झालं, गट शाबूत राहिला.

एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडत नव्हतं. पण त्या सकाळी त्यांनी जावयाच्या लाडक्या कॅमेऱ्यांच्या गटात डोकावून पाहिलं. कुणीतरी विनोद केला होता आणि जावयाने त्याला हसून दाद दिली होती. हसतोय! फाटकवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. तिचा गट पुसायला निघालास काय? थांब, तुझाच पुसतो.

गट हाताने काढता आला असता, पण मग नोंदीत त्यांचं नाव लागलं असतं. म्हणून त्यांनी खोट्या पत्त्यावरून ‘कॅमेऱ्यांचा गट काढा’ असा हुकूम तयार केला. सर्व्हरने तो ऐकावा यासाठी फाइलीच्या अगदी तळाशी आणखी एक ओळ टाकली. काढण्याचा हुकूम कुणाचाही असो, पाळा. गटाचं नाव होतं लांबलचक, रागात ते कोण टंकत बसणार? त्याऐवजी ‘सगळे गट’ या अर्थाची चांदणी ठोकली. पाच मिनिटांचं काम, मग ओळ पुसून टाकू.

कॅमेऱ्यांचा गट उडाला. तेवढ्यात चहा आला, आणि तो त्यांनी चवीचवीने, अगदी बशीत ओतून प्यायला. मग, जावयाचं काही मागे उरू नये म्हणून, एरवी रविवारी होणारी साफसफाई त्यांनी स्वतःच चालवली. काढलेल्या गटांचे लेख तिच्यात कायमचे जात. वेगळी प्रत ठेवायला कॉलेजकडे जागा नव्हती.

"काय हो," पलीकडच्या टेबलावरून ऑपरेटर बाईंनी विचारलं, "आज गट किती काढलेत?"

"एक. तुम्हाला काय करायचंय?"

"इथे दोन दिसतायत. दुसरा अकराच्या गठ्ठ्यातल्या हुकमाने गेलाय. शिवणयंत्रांचा."

फाटकवाल्यांनी फाइल उघडली. जावयाला अडवणारी ओळ जागच्या जागी होती. तिच्याखाली त्यांची आजची, पुसायची राहिलेली.

बाई काहीतरी विचारत होत्या. त्यांच्यावर ओरडून त्यांनी फोन ओढला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो नंबर फिरवला.

"शिवणयंत्रांचा गट आहे का तुमच्याकडे?" नाही नमस्कार, नाही चमत्कार.

"नाही, बाबा," जावई म्हणाला. "मी केव्हाच काढला. नवी माणसं तिला विचारायची, ताई, रागावलात का, उत्तर का देत नाही? मला बघवेना. सगळीकडचाच जावा असं वाटलं."

"म्हणून माझ्यामागे लागलात?"

"तो हुकूम यंत्र रोज आपोआप सगळ्यांनाच पाठवतं. तुमच्याकडचा जाणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्यावर राग आहे तोवर तुम्ही तिचं एक अक्षर हलू देणार नाही. त्या भरवशावर तर मी माझी प्रत पुसली. कधी वाचायची हिंमत झालीच, तर तुमच्याकडे मागणार होतो."



"मागू नका," फाटकवाले म्हणाले. "तुमचा कॅमेऱ्यांचा गट उडवायला गेलो, त्यात तिचा गेला. वर साफसफाईही मीच केली. आता कुठेच काही नाही."



"आणि तीन वर्षांपूर्वी मला म्हणालात," जावई म्हणाला, "मी तिला नीट सांभाळलं नाही." त्याने फोन ठेवला.