बकऱ्यात गेलेले व्यसन

कवठे महांकाळच्या पूर्वेकडील एका माळावर दर गुरुवारी माणसांचे गांजाचे व्यसन सुटत असे, आणि त्याच वेळी शेजारी बांधलेले बकरे झिंगू लागत असे.

हा प्रकार पाहण्यासाठी तीन तालुक्यांतून माणसे जमत. मांडवात नाथाजीबाबा भगवी शाल पांघरून बसलेला असे. त्याच्यासमोर व्यसनी माणूस, डाव्या हाताला खुंट्याला बकरे. बाबा मंत्र पुटपुटून तुपात थबथबलेली वडी मोडी. लहान तुकडा माणसाच्या तोंडात घाली आणि मोठा बकऱ्याच्या.

"येसन म्हंजे काय रं?" तो गर्दीला विचारी. "वारं हाय. नाकातनं शिरतं आन् डोस्क्यात घर करतं. डाक्टर गोळी देतो पोटात. आता डोस्कं कुटं आन् प्वाट कुटं? पत्ताच चुकला तर गोळी पोचंल कशी गड्या?" गर्दी हसे. "आमी वाऱ्याला दुसरं घर दाखिवतो. ह्यालाच तिकडं अमेरिकेत क्वांटम म्हणत्यात."

मग भजन सुरू होई आणि लांबत जाई. दीड-दोन तासांनी बकऱ्याचे पाय फाकत, मान लोंबकळे, ते स्वतःच्याच दाव्याला अडखळे. समोरचा माणूस मात्र शांतपणे हसत जेवायला मागे. बायाबापड्या बकऱ्याच्या पाया पडत.

त्या गुरुवारी मांडवाच्या कडेला डॉक्टर क्षमा ओढणी कपाळापर्यंत ओढून उभी होती. सांगलीत तिचा मानसोपचाराचा दवाखाना होता. गर्दीतले कितीतरी चेहरे तिच्या ओळखीचे होते, कारण ते तिच्याच बाकड्यावरून उठून इथे आले होते. गांजा सोडल्यावर पहिल्या आठवड्यात झोप उडते, घाम फुटतो, अन्न गोड लागत नाही, माणूस घरभर चिडचिड करतो. हे दोन-तीन आठवड्यांत ओसरते, असे ती प्रत्येकाला समजावून सांगत असे. इथे कोणालाच काही समजावावे लागत नव्हते. त्यांना पहिल्याच रात्री झोप लागत होती आणि अंगावर मांसही चढले होते.

क्षमाच्या छातीत काहीतरी टोचले. त्याचे निदान करायला तिला वेळ लागला नाही. तो हेवा होता. बाबा अडाणी होता म्हणून ती संतापली नव्हती. त्याचे रुग्ण बरे दिसत होते, म्हणून संतापली होती. त्यातही धनाजी. दवाखान्यात वर मान न करणारा तो धनाजी बाबाच्या पायांवर डोके टेकून रडत होता.

धनाजी विट्याकडच्या गलाईवाल्यांबरोबर परमुलखात सोने गाळण्याच्या कामाला गेला होता. चिलीम त्याला तिथेच लागली. परतला तो मनात एक संशय घेऊन. बायको माया दूधवाल्याशी का हसते, टेलिफोनवर कोणाशी बोलते, दाराशी कोणाची सावली पडली. एके दिवशी तिला आत कोंडून, बाहेरून कडी घालून तो शेतावर निघून गेला. कडी निघाल्यावर माया थेट माधवनगरला माहेरी गेली. गांजा सुटल्याखेरीज परतणार नाही, असे तिने निरोप धाडून कळवले होते.

आता निरोप उलट बाजूने आला होता. गांजा सुटला, ये.

"जाऊ का म्याडम?" मायाने सोमवारी दवाखान्यात विचारले होते. "सासूबाई रोज टेलिफोन करत्यात. बाबा म्हणतो, व्यसन बकऱ्यात गेलं. तुम्ही म्हणाल तसं करीन."

क्षमाच्या ओठांवर नकार तयारच होता. तिने तो गिळला. तो डॉक्टरचा आहे की मत्सराचा, हे तिला ठरवता येईना. म्हणून ती माळावर आली होती.

बाबाचा तो उतारा संपल्यावर ती धनाजीच्या मागोमाग त्याच्या घरी गेली. त्याची आई रंगुबाई चुलीपुढे भाकरी खात बसली होती, आणि कोणी काही विनोद केला नसताना हसत होती.

"या डाक्टरीणबाई. आलासा व्हय हार मानून?"

"पाहायला आले. धनाजी, झोप कशी आहे?"

"ब्येस. भूकबी लय लागती." त्याचे डोळे तांबूस होते. "माया तुमच्याकडं येती न्हवं? संगं कोन असतं?"

"एकटीच येते."

"एकटी कशी ईल? रिक्षावाला कोन हाय, त्यो सांगा की."

क्षमाच्या ध्यानात आले. चिलीम थांबली होती. संशय थांबला नव्हता.

तिच्या पिशवीत मूत्र तपासण्याच्या पट्ट्या होत्या. या पट्टीवर गांजासाठी ठेवलेल्या जागी रेघ उमटली तर मूत्र स्वच्छ. न उमटली तर गांजा शरीरात आहे. धनाजीच्या पट्टीवर रेघ उमटली नाही. क्षणभर क्षमाला विजय झाल्यासारखे वाटले. पण रोज गांजा ओढणाऱ्याच्या चरबीत त्याचा अंश साठून राहतो आणि सोडल्यावरही काही आठवडे मूत्रातून उतरत असतो. ही पट्टी काहीच सिद्ध करत नव्हती. जिंकण्याची घाई झाली नसती, तर हे तिला आधीच आठवले असते.

रंगुबाईने चौथी भाकरी मोडली आणि पुन्हा हसली.

"अहो आजी, आज एवढी भूक?"

"बेस्तरवारी असंच हुतंया बगा. डोस्कं पिसागत हलकं हुतं. बाबाची किरपा."

"तुम्हाला उतारा दिला का त्यांनी?"

"मला कशापायी? मी आयुष्यात तपकीर ओढली न्हाई." रंगुबाईने पदर सावरला. "तितं येसनी मानसाला आठवड्याची वडी पानात बांधून देत्यात, रोज सांजंला यक तुकडा. परसादाचा चुरा सांडून चालतुया व्हय? पायाखाली आला म्हंजे पाप. आठवडा सरला की बेस्तरवारी दुपारी पानातला चुरा मी ग्वाळा करून खाती, पानबी चाटून घेती."

क्षमाने पट्ट्यांचे पाकीट पुन्हा उघडले.

"आजी, एक मेहेरबानी करा. वाटीभर लघवी द्या."

"माजी? आवं, सत्तरी उलटली माजी. आता कसली तपासणी? डोहाळं लागल्यागत खाती म्हून व्हय?"

तरी तिने दिली. तिच्या पट्टीवरही रेघ उमटली नाही. पट्टीच सदोष असेल तर, म्हणून क्षमाने त्याच पाकिटातील पट्टीवर स्वतःची तपासणी केली. ठसठशीत रेघ उमटली. घरात महिनाभर कोणी चिलीम पेटवली नव्हती. जिने कधी तपकीरही ओढली नाही, त्या म्हातारीच्या शरीरात गांजा पोचवणारी वाट एकच होती.

क्षमाने तिला ते सोप्या शब्दांत सांगितले. रंगुबाईने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "फुडल्या बेस्तरवारी मी इचारीन. तुमी न्हाई. तुमी बोललासा तर म्हणत्याल, डाक्टरीण जळती."

क्षमाने मान डोलावली.

पुढच्या गुरुवारी बाबाने वडी मोडायला घेतली, तोच रंगुबाई उठली.

"बाबा, गांज्या माज्या लेकानं वढला. मग माज्या लगवीत कुटनं आला?"

बाबा किंचितही गडबडला नाही. "म्हातारे, लेकाचं वारं तुज्यात शिरलं. आईचं काळीज वढ लावतंया."

"मग बकऱ्यात काय शिरलं?"

मांडवात हशा पिकला. बाबाने हात उंचावला, पण हशा लगेच विरला नाही. तेवढ्यात क्षमा पुढे आली.

"महाराज, आज वडी राहू द्या. मंत्र तोच म्हणा, भजन तेवढेच होऊ द्या. बकऱ्यापुढे फक्त पाला ठेवू. वारे मंत्राने जात असेल तर आजही जाईल."

"मंतर रुसंल."

"मंतर वडीवर रुसतो का?" मागून कोणीतरी विचारले. "म्हणा की बाबा. आमीबी बसतो."

मंत्र झाला. भजन नेहमीपेक्षा लांबले. टाळकऱ्यांचे गळे बसले. बकरे चारी पायांवर खणखणीत उभे होते. त्याने पाला संपवला आणि बाबाच्या शालीचा पदर चघळायला घेतला. बाबा लघुशंकेच्या निमित्ताने मांडवाबाहेर गेला, तो परतला नाही. क्षमाने बोलावलेल्या पोलिसांनी मांडवामागच्या पातेल्यातले तूप तपासणीसाठी नेले.

शनिवारी धनाजी दवाखान्यात आला. घामाने भिजलेला, रात्रभर न झोपलेला. "पिशाच्च परत आलं," तो म्हणाला.

"पिशाच्च नाही, धनाजी. गांजा आत्ता कुठे थांबला, म्हणून शरीर कुरकुर करते आहे. ते ओसरेल. पण गांजाने संशय वाढतो, आणि तो कधीकधी गांजा सुटल्यावरही राहतो. त्याचे औषध वेगळे आहे, ते घ्यावे लागेल. पुन्हा चिलीम हाती आली तरी इथे ये, लपू नको. आईलाही घेऊन ये."

"बाबा जवळ बसवून घ्यायचा," तो खाली मान घालून म्हणाला.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या क्षमाला पुन्हा तेच टोचले. या वेळी तिने आपली खुर्ची उचलून त्याच्या बाकड्यापाशी नेली.

मायाला तिने कळवले: "अजून नको. त्याचा संशय उतरला की मी स्वतः सांगेन."

कवठ्याच्या बाजारात मात्र आजही कोणी म्हणते की बाबाच्या हाताला गुण होता. अशा वेळी एवढेच विचारावे, की न दिलेल्या वडीचा गुण कोणाला आला, आणि व्यसन नसलेल्याला तीच वडी दिली तेव्हा काय झाले. हे दोन प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

कारण असे होते. बाबा गांजा तुपात कढवून ते तूप वडीत घालत होता. गांजाचा अंमल तुपात उतरतो आणि पोटातून रक्तात यायला दीड-दोन तास घेतो. भजन तेवढ्यासाठी लांबवले जाई. माणूस गांजा ओढण्याऐवजी खात होता, म्हणून त्याला झोप आणि भूक लागत होती आणि व्यसन सुटल्याचा एकही त्रास होत नव्हता, कारण ते सुटलेच नव्हते. बकरे झिंगत होते, कारण वडीचा मोठा तुकडा त्याच्या पोटात होता.