जाकारेने अडवलेली होडी

पान्तानालच्या पाणथळीत उंचवटे काय थोडे होते? पण त्या जाकारेने अंडी घालायला नेमकी बेलार्मिनोची उपडी होडी निवडली. जाकारे म्हणजे मगरीच्या कुळातली धाकटी पाती, पण आईपण थोरलं. गवत, पाला, चिखल रचून तिने असा ढीग घातला की होडीचं नुसतं टोक दिसे. ढीग कुजून आत ऊब धरायचा आणि बाई काठच्या पाण्यात डोळे वर काढून राखण करायची. बेलार्मिनोने वल्ह्याने ढीग उकरून पाहिला, तर फिस्कारत अशी धावून आली की वल्हं तिला देऊन तो आंब्यावर चढला. उतरला तोवर कैऱ्या पिकल्या होत्या.

एरवी तो थांबला असता. पण संत जोसेफचा सण उजाडला होता आणि पैलतीरी झुल्मिराकडे जायचंच होतं. गेल्या सणाला या विधवेने तेरेरेचं, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या कडू पाल्याच्या पेयाचं, शिंग त्याच्या हाती दिलं. पिऊन झाल्यावर हा शहाणा म्हणाला, "आभारी आहे." आभार मानले म्हणजे पुरे झालं, मग शिंग पुन्हा येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण तिच्या डोळ्यांत बघता बघता गडी रीत विसरला. तेव्हापासून शिंग मोटारबोटवाल्या तरण्या ओनोफ्रेकडे वळलं.

ओनोफ्रे मोटारबोट फटफटवत आला. "काका, बसता का? का बाळंतीण सोडत नाही?"

"तू हो पुढे. आज सोडतेय ती."

ढिगातून क्यँव क्यँव ऐकू येत होतं. अंड्यातूनच पिल्लं हाका घालत होती. आवाज पुरेना म्हणून पुन्हा आंब्यावर चढून बेलार्मिनोनेही नाकात सूर धरला. जाकारे लगबगीने आली, ढीग फोडला आणि ज्या जबड्याने वल्हं मोडलं त्याच जबड्यात पिल्लं अलगद धरून पाण्यात नेऊ लागली. ती वळताच याने उतरून होडी सुलटी केली आणि पाण्यात लोटली. फळकुटाने वल्हवत अर्ध्यात पोचला, तर पायाशी क्यँव! एक पिल्लू आत राहिलं होतं. मागे वळून पाहतो, तर आई.

तशीच दोघं पैलकाठाला लागली, तर झुल्मिरा हसून लोटपोट. "बेलार्मिनो, वरात घेऊन आलात की काय?"

"एकटा कसा येऊ? विहीणबाई आहेत सोबत."

त्याने पिल्लू पाण्यात सोडलं. आईने ते तोंडात घेतलं आणि निघून गेली. ओनोफ्रे तेवढ्यात जाकारेच्या भीतीने देवळाच्या घंटेला लोंबकळला होता, असं म्हणतात.

झुल्मिराने शिंग पुढे केलं. बेलार्मिनो प्यायला आणि मुकाट परत दिलं. पुन्हा आलं, पुन्हा प्यायला. सणाला जमलेली सगळी माणसं पांगली.

"काही बोलायचं नाही का?" तिने विचारलं.

त्याने घाईघाईने नकारार्थी मान हलवली.

"मग राहा," ती म्हणाली आणि पुन्हा पाणी ओतलं.

तो अजून तिथेच आहे. आभार मानायचे राहिलेत.