समोरचा कोनाडा

खण निम्म्यावर अडकला. ग्रंथपालबाईंनी तो आत ढकलला, डाव्या हाताने किंचित वर उचलला आणि पुन्हा ओढला. आत घडी घातलेला मफलर होता, चष्म्याचं घर होतं आणि घशाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी.

"एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "हा खण फक्त तुमच्या बाबांनाच नीट उघडता यायचा."

तिने वहीत सही केली. बाबांना जाऊन अठरा दिवस झाले होते आणि आईने तिला फक्त चष्मा आणायला पाठवलं होतं. घ्यायचा आणि निघायचं, कोणाशी बोलत बसायचं नाही, असं तिने बसमध्येच ठरवलं होतं. पण बाहेर जायची वाट वाचनाच्या दालनातून होती.

या इमारतीचं कागदोपत्री नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. सगळे तिला 'गोल' म्हणत. बसचा थांबाही 'गोल'च. बाहेरून आलेले लोक रस्त्यावरून घुमटाचे फोटो काढत आणि तिथूनच परत जात. आत घुमटाखाली वर्तमानपत्रांची पानं सुटी होऊन हातोहात फिरत, परीक्षेची मुलं डबे घेऊन दिवसभर बसत आणि घरी कोणी बोलायला नसलेली माणसं इथे येऊन चारचौघांत गप्प बसत. गोल भिंतीला सोळा खिडक्या, प्रत्येक खिडकीखाली एक दगडी कोनाडा, दोन माणसं बसतील एवढा.

दाराजवळच्या कोनाड्यातून एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर हात रोवून उठले. गळ्यात मापाची टेप होती.

"तू रविवारवाली ना?"

तिला काही कळलं नाही.

"दर रविवारी फोन करतेस ती. चेहरा तोच आहे. बस जरा. मी समोरच्या दुकानातला टेलर."

ती बसली. टेलरकाका तिच्याकडे न बघता बाबांबद्दल बोलत राहिले. इथे बाबांचं नाव 'फलाट' होतं. एकतीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारलेला माणूस. त्यांनी पुकारलं की बाकावर झोपलेले प्रवासी चपला शोधायला लागत. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि उरला तो नुसता श्वास. पहिल्या दिवशी ते इथे आले तेव्हा टेलरकाकांनी 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवून म्हटलं होतं, चला, ही पाटी पाळणारा एक तरी सभासद मिळाला. फलाट इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून दोस्ती.

"पण तुमचं बोलणं कसं व्हायचं?" तिने विचारलं. घरी बाबांच्या हातात पाटी असायची. पाटीवर ते 'चहा' लिहीत, 'औषध घेतलं' लिहीत.

टेलरकाकांनी समोर, दालनाच्या पार पलीकडे हात केला.

"तो त्यांचा कोनाडा. तिथे भिंतीला तोंड लावून कुजबुजलं, की इथे भिंतीला कान लावणाऱ्याला सगळं ऐकू येतं. मधल्या माणसांना काही नाही. बांधणाऱ्याच्या डोक्यातही नसेल, भिंतीनं आपसूक केलंय. डॉक्टरला जमलं नाही ते गवंड्यानं केलं, म्हणायचे."

मग ते शनिवारबद्दल सांगू लागले. शनिवारी गर्दी कमी असे. फलाट पलीकडे बसून दुसऱ्या दिवशी फोनवर बोलायची वाक्यं म्हणून बघायचे आणि टेलरकाका इथे ऐकायचे. शब्द पोहोचला की हात वर, विरला की हात आडवा. हात आडवा झाला की फलाट शब्द बदलायचे.

"'आठवण' कधी पोहोचायचाच नाही. मध्येच फाटायचा. मग मीच म्हटलं, 'सय' घ्या. तो स बघ, कापडातून कात्री जावी तसा सरळ येतो. तेव्हापासून तुला सांगताना 'सय येते' म्हणायचे. तुला जुन्या वळणाचं वाटलं असेल."

तिने चष्म्याचं घर उघडलं आणि बंद केलं.

फोनवर काय ऐकू यायचं ते तिला आठवलं. आई आधी बोलायची, मग फोन बाबांकडे जायचा. थोडा श्वास, मग स्स्, असा चाक पंक्चर झाल्यासारखा आवाज. तो आला की ती म्हणायची, बाबा, लाइन खराब आहे हो, आईला द्या. दोन वर्षं. लाइन चांगलीच असायची. लिहून पाठवा म्हटलं तर आईच्या मोबाइलवरून हवा आणि तब्येत यांपलीकडे ते काही लिहीत नसत.

"सोमवारी मी विचारायचो, काय फलाट, पोहोचली का गाडी?" टेलरकाका म्हणाले. "अंगठा वर करायचे. सगळं ऐकलं म्हणे, शेवटपर्यंत. अमुक ठिकाणी हसली म्हणे." ते तिच्याकडे वळले. "ती वजनकाट्यावर उभं राहून भांडणाऱ्या नवराबायकोची गोष्ट. ती ऐकून तू हसणार नाहीस यावर मी चहा लावला होता. हरलो. हसलीस ना खरंच?"

घुमटाच्या झरोक्यातून ऊन टेबलावर उतरलं होतं. त्या उजेडात एक मुलगी पेन्सिलीला टोक काढत होती. टेलरकाका उत्तराची वाट बघत होते. त्यांचा चेहरा आता थट्टेचा नव्हता.

"हसले," ती म्हणाली. "पोट दुखेपर्यंत."

"हां." त्यांनी गळ्यातली टेप सारखी केली. "आणि ते शेवटचं? लांबलं होतं जरा. तीन शनिवार घालवले आम्ही त्यावर. शब्द न् शब्द बदलला. ते नीट पोहोचलं ना? त्या सोमवारी ते आलेच नाहीत, त्यामुळे विचारायचं राहून गेलं."

तिला त्या रविवारचं फोन ठेवणं तेवढं आठवत होतं. पाहुणे यायचे होते.

"पोहोचलं."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"काका," ती म्हणाली, "तेवढं मला पुन्हा ऐकायचं होतं. सबंध. जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? तीन शनिवार ऐकलंय. पण तू ऐकलंयस की."

"पुन्हा."

त्यांनी तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या चष्म्याच्या घराकडे पाहिलं. टेप गळ्यातून काढून कोनाड्यात ठेवली आणि टेबलांना धरत, गुडघ्यांना जपत ते दालन ओलांडून गेले. पेन्सिलवाल्या मुलीने खुर्ची आत ओढून त्यांना वाट दिली. पलीकडच्या कोनाड्यात पोहोचेपर्यंत ते अगदी लहान दिसू लागले.

कानाच्या उंचीवर चुन्याचा रंग तेलकट, काळपट झाला होता. दोन वर्षं टेलरकाकांचं डोकं तिथे टेकत आलं होतं. तिने तिथेच कान लावला. दगड गार होता.

समोर त्यांनी तयार आहे का म्हणून हात वर केला. तिनेही केला. ते भिंतीकडे वळले.

आधी नुसता श्वास आला. मग स्स्. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. इथेच ती दर वेळी बोलायची, लाइन खराब आहे म्हणून.

ती बोलली नाही.